कमी धातूंतले जड जोडतारे: वाऱ्याइतकंच फुगण्याचं वेळापत्रक महत्त्वाचं

प्रश्न ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या, मूळच्या डिचोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "सर, गुरुत्वीय लहरींतून सापडलेली कृष्णविवरं तीस-तीस सूर्यांच्या वस्तुमानाची निघाली, कारण ती कमी धातूंच्या ताऱ्यांपासून झाली, असं सगळीकडे वाचते. धातू कमी म्हणून वारा मंद, वारा मंद म्हणून कृष्णविवर जड. मग तारा एकटा नसून जोडीत असेल तर यात नेमकं काय बदलतं? आणि प्रोजेक्टसाठी मेसामध्ये झेडचा आकडा पाचपट कमी केला की पुरे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: नाही, पुरत नाही. कारणं शेवटी सांगेन. (मेसा म्हणजे ताऱ्याचं आयुष्य संगणकावर चालवून पाहण्याचा प्रोग्राम, आणि झेड म्हणजे ताऱ्यातलं धातूंचं प्रमाण.) पहिल्या प्रश्नाबद्दल म्हणायचं तर तुम्ही वाचलंय ते चूक नाही, पण ते एकट्या ताऱ्याचं गणित आहे. जोडीत त्याच्या बरोबरीचा, माझ्या मते त्याहून मोठा फरक पडतो तो ताऱ्याच्या त्रिज्येमुळे. तारा आयुष्यात केव्हा फुगतो, किती फुगतो, आणि त्या वेळी त्याच्या गाभ्यात काय चाललेलं असतं, यावर सगळी पुढची कथा ठरते. वाऱ्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, या गोष्टीबद्दल फार कमी.

वाऱ्याचं आधी उरकून घेऊ. वारा म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठावरून सतत बाहेर उडणारा वायू, आणि तो मंद म्हणजे कमी वस्तुमान नेणारा. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळं धातूंच्या खात्यात जातं. सूर्याच्या वस्तुमानात त्यांचा वाटा सुमारे 1.4 टक्के. मोठा आणि छोटा मॅजेलानी मेघ या आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन लहान दीर्घिका. मोठ्या मेघात हा वाटा साधारण निम्मा, छोट्या मेघात एक पंचमांश. जड, उष्ण ताऱ्याचा प्रकाश मुख्यतः अतिनील असतो, आणि लोहाच्या व त्याच्या भावंडांच्या अणूंना अतिनीलमध्ये हजारो वर्णरेषा असतात. त्या रेषांमधून प्रकाश वायूला बाहेर ढकलतो. हे गणित 1975 साली कॅस्टर, अ‍ॅबट आणि क्लाइन यांनी मांडलं. 2001 साली फिंक आणि सहकाऱ्यांनी धातूंशी त्याचा संबंध आकड्यांत बसवला: ओ-वर्गाच्या, म्हणजे सर्वांत उष्ण आणि जड ताऱ्यांचा वारा धातूंच्या प्रमाणाच्या साधारण 0.7 व्या घाताने बदलतो. म्हणजे छोट्या मेघात वारा आपल्या आकाशगंगेतल्या तशाच ताऱ्याच्या एक तृतीयांश. अलीकडची मोजमापं तर हे जुने आकडेसुद्धा दोन-तीन पटींनी जास्तच होते असं सुचवतात.

जोडीत या मंद वाऱ्याचे आणखी दोन परिणाम होतात. एक कक्षेवर. वारा जोडीबाहेर निघून गेला की दोघांना बांधणारं वस्तुमान घटतं आणि कक्षा रुंदावते. वारा वेगवान असेल तर एकूण वस्तुमान आणि अंतर यांचा गुणाकार कायम राहतो. निम्मं वस्तुमान उडालं की अंतर दुप्पट. धातू कमी असले की ही रुंदी जवळजवळ होत नाही, तारे जिथे जन्मले त्याच अंतरावर राहतात. दुसरा परिणाम फिरकीवर. वारा जाताना कोनीय संवेगही घेऊन जातो. तो गेला नाही की तारा वेगाने फिरतच राहतो. छोट्या मेघात बी-ई ताऱ्यांचं, म्हणजे गरगर फिरताना भोवती वायूची चकती बाळगणाऱ्या बी-वर्गाच्या (ओ-वर्गाच्या खालोखाल उष्ण) ताऱ्यांचं प्रमाण जास्त का, तिथे बी-ई तारा आणि न्यूट्रॉन तारा अशा शंभराहून अधिक क्ष-किरण जोड्या का, याची निम्मी उकल इथेच मिळते. उरलेली निम्मी अशी की तिथे काही कोटी वर्षांपूर्वी ताऱ्यांची मोठी पिढी जन्मली होती आणि ती आता नेमकी त्या वयात आहे. हा दुसरा भाग विसरून सगळं श्रेय धातूंना देणारे लेख पुष्कळ आहेत.

आता त्रिज्या. धातू कमी असले की ताऱ्याच्या थरांची अपारदर्शकता कमी होते, ऊर्जा सहज बाहेर पडते. शिवाय जड तारे हायड्रोजन जाळतात ते कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजनच्या चक्राने. हे तिघे इंधन नव्हेत, उत्प्रेरक आहेत, पण तेच कमी असतील तर तेवढीच ऊर्जा काढायला गाभ्याला जास्त आकसावं आणि तापावं लागतं. परिणाम: तेवढ्याच वस्तुमानाचा तारा लहान आणि निळसर. जन्मावेळचा हा फरक माफक असतो. खरी गंमत गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर होते.

समजा 25 सूर्यांचा तारा आहे, आणि जोडीदार इतका दूर आहे की हायड्रोजन जळत असेपर्यंत दोघांचा काही संबंध येत नाही. सूर्यासारखे धातू असतील तर हायड्रोजन संपताच तारा धडाधड फुगतो, दहा हजार वर्षांच्या हिशेबात शेकडो सूर्यत्रिज्यांपर्यंत. गाभ्यात हेलियम नीट पेटायच्या आत तो रोश लोब, म्हणजे जोडीत त्याच्या वाट्याला आलेली गुरुत्वाची हद्द, ओलांडतो आणि बाहेरचा माल जोडीदाराकडे ओतू लागतो. तारा स्वतःच फुगायच्या घाईत असल्याने ही ओतणीही घाईची: वर्षाला सूर्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास. दहा-वीस हजार वर्षांत हायड्रोजनचं जवळजवळ सगळं आवरण उतरतं आणि उरतो तो उघडा हेलियम गाभा.

हाच तारा छोट्या मेघातल्या मिश्रणाने बनवा. बऱ्याच मॉडेलांत तो हायड्रोजन संपल्यावर थोडासाच फुगतो, निळा महातारा म्हणून थांबतो, आणि त्याच अवस्थेत हेलियम जाळायला लागतो. उरलेलं फुगणं हेलियम जळण्याच्या संथ गतीने, काही लाख वर्षांत. या वाटेवर कुठेतरी तो रोश लोबला टेकतो. आता घाई नसते. थोडा माल गेला की तारा आत सरकतो, पुन्हा हळूहळू फुगतो, पुन्हा थोडा जातो. वस्तुमान जाण्याचा वेग शंभर पटींनी कमी होऊ शकतो आणि देवाणघेवाण हेलियम संपेपर्यंत चालू राहते. आवरण पूर्ण उतरतच नाही. बाजारात नारळ सोलून देताना डोळ्यांच्या बाजूला शेंडी राखतात ना, तसा हा तारा हायड्रोजनचा एक थर अंगावर ठेवून राहतो. याकूब क्लेंट्स्की आणि सहकाऱ्यांनी 2020 आणि 2022 च्या कामात हे सविस्तर दाखवलं.

हे वाचून "मग काय झालं, थोडा थर राहिला" असं वाटेल. पण त्या थराने ताऱ्याचा सगळा चेहरा बदलतो. पूर्ण सोललेला हेलियम तारा सूर्याच्या एखाद्या त्रिज्येएवढा, 60 हजार ते 1 लाख केल्व्हिन तापमानाचा असतो आणि आयनीभवन करणारा अतिनील प्रकाश ओततो. थर राहिलेला तारा मात्र फुगीर राहतो आणि साध्या बी-वर्गाच्या महाताऱ्यासारखा दिसतो. दुर्बिणीतून पाहणारा त्याला ओळखणार कसा? वर्णपट नीट वाचला तर तीन खुणा दिसतात. पृष्ठावर नायट्रोजन आणि हेलियम नको तितके जास्त. रेषांच्या रुंदीवरून काढलेलं पृष्ठगुरुत्व कमी. आणि त्यावरून निघणारं वस्तुमान त्याच्या तेजाला न शोभणारं: तेज मोठ्या ताऱ्याचं, वजन लहान्याचं. वर्षा रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 2023 साली छोट्या मेघात नेमका असा एक पकडला. महातारा म्हणून नोंदलेला, प्रत्यक्षात सुमारे 3 सूर्यांचा अर्धवट सोललेला तारा, आणि शेजारी त्याचा माल पिऊन गरगरणारा सुमारे 17 सूर्यांचा बी-ई तारा. मॉडेलमध्ये जे कागदावर होतं ते आकाशात दिसलं, म्हणून मला हा शोध महत्त्वाचा वाटतो.

पूर्ण सोललेलेही सापडले आहेत. मारिया ड्राउट आणि इल्वा गॉटबर्ग यांच्या गटाने दोन्ही मेघांत असे 25 तारे 2023 च्या डिसेंबरात जाहीर केले. स्विफ्ट उपग्रहाच्या अतिनील प्रतिमांत अपेक्षेपेक्षा जास्त निळे दिसणारे बिंदू वेचून त्यांनी ते शोधले. वस्तुमान 2 ते 8 सूर्य, म्हणजे वर सांगितलेल्या जड जोड्यांच्या मानाने हलके. त्यामुळे त्या शोधाने माझं वरचं म्हणणं खोडलं जात नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वजनगटांच्या आहेत.

तुम्ही विचारलं नाही, पण यापुढचा प्रश्न हाच येणार म्हणून सांगतो: कमी धातूंत जोड्या कमी-जास्त असतात का? ओ-वर्गाच्या ताऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी मालाची देवाणघेवाण करतात, असं ह्युग साना यांच्या गटाने 2012 साली आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांवरून दाखवलं. छोट्या मेघातल्या 929 जड ताऱ्यांचे वर्णपट पुन्हा पुन्हा घेण्याचा ब्लोएम नावाचा प्रकल्प चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवर झाला. त्याच्या 2025 च्या निकालात तिथल्या ओ-ताऱ्यांमध्येही निकटच्या जोड्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्केच निघालं. सूर्यासारख्या हलक्या ताऱ्यांत धातू कमी झाले की निकटच्या जोड्या वाढतात, जड ताऱ्यांत तसं दिसत नाही. म्हणजे जोड्यांची संख्या तीच, पुढचं वागणं वेगळं. तुमच्या प्रोजेक्टसाठी ही चांगली बातमी आहे, जन्मावेळचे आवर्तकाल आणि वस्तुमानांची गुणोत्तरं आकाशगंगेतली घेतली तरी फार बिघडत नाही.

आता कृष्णविवरांकडे. 14 सप्टेंबर 2015 ला लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने पकडलेली पहिली जोडी 36 आणि 29 सूर्यांची होती. इथे एक कोडं आहे ते आधी आकड्यांत पाहू. तीस-तीस सूर्यांची दोन कृष्णविवरं वर्तुळाकार कक्षेत असतील आणि विश्वाच्या आजच्या वयात त्यांनी एकमेकांत विलीन व्हायचं असेल, तर त्यांच्यातलं अंतर साधारण 45 सूर्यत्रिज्यांच्या आत हवं, बुधाच्या कक्षेच्या त्रिज्येच्या जेमतेम निम्मं. अंतर दुप्पट केलं तर वेळ सोळापट. आणि याच कृष्णविवरांचे आईबाप तारे भरात असताना शेकडो सूर्यत्रिज्या फुगणारे. मग ती इतक्या जवळ आली कशी?

नेहमीचं उत्तर सामाईक आवरणाचं: एकाने दुसऱ्याला आपल्या आवरणात ओढलं, घर्षणाने दोघं आत आली, आवरण उडून गेलं. बराच काळ हेच एकमेव उत्तर मानलं जायचं. मला ते जड ताऱ्यांसाठी कधीच पूर्ण पटलं नाही. आवरण सहज उडायचं तर ते बाहेरून संवहनाने ढवळलेलं आणि सैल बांधलेलं हवं, आणि कमी धातूंचा तारा ती अवस्था फार उशिरा गाठतो, कित्येकदा गाठतच नाही. त्याआधी जोडीदार आत शिरला तर आवरण उडत नाही, दोघं एक होऊन जातात. दुसरी वाट स्थिर देवाणघेवाणीची. जड ताऱ्याकडून हलक्या कृष्णविवराकडे माल गेला, त्यातला बराचसा त्याच्या जवळून बाहेर फेकला गेला, तर तो कक्षेचा संवेग नेतो आणि कक्षा आवळते. गेल्या काही वर्षांत सविस्तर मॉडेलं याच बाजूला झुकलीत, मीही.

तिसरी वाट फक्त धातू कमी असतील तिथेच उघडते. दोन तारे जन्मापासून जवळजवळ चिकटलेले, आवर्तकाल एक-दोन दिवस. भरतीच्या बलांमुळे ते स्वतःभोवतीही तितक्याच वेगाने फिरतात, आतलं मिश्रण सतत ढवळत राहतं आणि गाभ्यातला हेलियम पृष्ठापर्यंत पोचतो. असा तारा फुगतच नाही, अख्खा तारा हेलियमचा होतो. डी मिंक आणि मॅन्डेल, तसेच मर्चंट आणि सहकारी, यांनी 2016 साली ही कल्पना जोड्यांना लावली. धातू जास्त असतील तर वारा फिरकी मोडतो आणि कक्षा रुंदावतो, म्हणून तिथे हे जमत नाही. मोठ्या मेघातल्या टॅरंटुला तेजोमेघातली व्हीएफटीएस 352 ही जोडी, दोघंही साधारण 29 सूर्यांचे आणि आवर्तकाल सव्वा दिवसाहून कमी, या वाटेवरची म्हणून दाखवतात. ती अपेक्षेपेक्षा उष्ण आहे हे खरं, पण एका जोडीवर पूर्ण सिद्धांत उभा करू नये.

कृष्णविवर होताना स्फोट होतो की नाही, हा स्वतंत्र विषय. त्याबद्दल एवढंच: मोठ्या मेघातल्या व्हीएफटीएस 243 या जोडीत, 2022 साली जाहीर झालेल्या, 25 सूर्यांचा तारा आणि निदान 9 सूर्यांचं शांत कृष्णविवर 10.4 दिवसांत फिरतात, आणि कक्षा जवळजवळ वर्तुळ आहे. मोठा स्फोट होऊन धक्का बसला असता तर ती लंबगोल झाली असती. तारा बहुधा गपकन आत कोसळला.

आपल्याकडच्या निरीक्षकांना मॅजेलानी मेघांचं दुःख आहे. अगस्ती गोव्यातून बावीसेक अंश वर येतो, पण मोठा मेघ गणिताने क्षितिजावर जेमतेम 5 अंश आणि छोटा 2 अंशांच्याही आत. काब द रामच्या कड्यावरून दक्षिणेला मोकळं मिळालं तरी समुद्रावरच्या दमट हवेत काही दिसायचं नाही. उलट कमी धातूंच्या जड जोडीचा एक अवशेष बरोब्बर आपल्या डोक्यावरून जातो, हे फार थोड्यांना माहीत आहे. गाया उपग्रहाच्या मोजमापांतून 2024 साली सापडलेलं गाया बीएच 3, सुमारे 33 सूर्यांचं कृष्णविवर, गरुड तारकासमूहात दोन हजार प्रकाशवर्षांच्या आत आहे. क्रांती, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासूनचं अंतर, जवळजवळ 15 अंश उत्तर. म्हणजे काणकोणात ते खस्वस्तिकावरूनच जातं, पणजीत अर्ध्या-पाऊण अंशाने चुकतं. दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळी साडेसात-आठला श्रवणाच्या ताऱ्यापासून सहा-सात अंश उत्तरेला बघा. कृष्णविवर अर्थात दिसणार नाही, त्याच्याभोवती 11.6 वर्षांत फिरणारा जोडीदार तारा अकराव्या प्रतीचा आहे, आठ इंची दुर्बिणीत सापडतो. त्या ताऱ्यातलं लोह सूर्याच्या तीनशेव्या भागाहूनही कमी. फक्त यातून फार मोठा निष्कर्ष काढू नका. हा तारा एका विखुरलेल्या जुन्या गुच्छाच्या प्रवाहाबरोबर चाललाय, त्यामुळे ही जोडी जन्मजात नसून गुच्छातल्या गर्दीत नंतर जमलेली असू शकते.

आता मेसा. झेड पाचपट कमी केल्याने का भागत नाही? पहिलं, छोटा मेघ म्हणजे पाणी घालून पातळ केलेला सूर्य नव्हे. तिथे लोह पाचपट कमी, पण नायट्रोजन त्याहूनही बराच कमी. पृष्ठावर नायट्रोजन किती वाढला यावरून तुम्ही सोललेला तारा ओळखणार असाल आणि सुरुवातीचाच आकडा चुकीचा असेल, तर पुढचं सगळं वाया. दुसरं, वाऱ्याला लोह लागतं, एकूण झेड नव्हे. सोललेल्या ताऱ्याच्या पृष्ठावर स्वतःच बनवलेला कार्बन आणि ऑक्सिजन आला की एकूण झेड वाढतो. सूत्रात तो घातला तर वारा उगाच जोरात सुटतो. दूरच्या कोवळ्या दीर्घिकांसाठी हे आणखी महत्त्वाचं: तिथे मोजला जातो तो ऑक्सिजन, आणि लोह मागाहून, बरंचसं एक-ए प्रकारच्या अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतून येतं. ऑक्सिजन पाचपट कमी दिसला म्हणजे लोहही पाचपटच कमी असं नाही, त्याहून खाली असतं. तिसरं, झेड बदलून झेडबेस (अपारदर्शकतेचे तक्ते कोणत्या धातुप्रमाणाचे घ्यायचे ते सांगणारा मेसातला आकडा) तसाच ठेवणं ही विद्यार्थ्यांची ठरलेली चूक. अपारदर्शकतेचे तक्ते मग जुन्याच मिश्रणाचे राहतात, मॉडेल मुकाट्याने पूर्ण होतं, आणि त्रिज्या चुकते. त्रिज्येवरच सगळं अवलंबून आहे हे वर सांगून झालंय.

आणि सगळ्यात नाजूक भाग अर्धसंवहनाचा. गाभ्याच्या वरचा थर किती कार्यक्षमतेने मिसळतो हा आकडा तुम्ही हाताने देता, आणि तोच ठरवतो की तारा निळा थांबेल की लाल होईपर्यंत फुगेल. म्हणून एकच किंमत घेऊन ग्रिड चालवू नका. तीन किमती घ्या, एकमेकींपासून दहा-दहा पटींनी दूर. आधी एकटा तारा चालवा, 15 ते 40 सूर्यांदरम्यान पाच वस्तुमानं, दोन धातुप्रमाणं. प्रत्येकात हेलियम पेटताना आणि संपताना त्रिज्या किती, एवढाच आलेख काढा. मार्गदर्शकांना आधी तो दाखवा. जोड्या त्यानंतर.

जोड्यांची धाव दिवसेंदिवस चालते आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा इनलिस्टमध्ये, म्हणजे मेसाच्या सूचनांच्या फाइलीत, फोटो लिहिण्याचा अंतराल लहान ठेवा. फोटो म्हणजे पुन्हा तिथूनच सुरू करायच्या फाइली. पूर्वनियोजित पन्नास टप्प्यांचा अंतराल लॅपटॉपवर जास्त होतो असं वाटलं तर वीस करा, डिस्क थोडी जास्त भरेल इतकंच.

मॉडेलं कंटाळवाणी झाली तर निरीक्षणाची बाजूही घेता येईल. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीने छोट्या मेघाच्या काही भागांच्या अतिनील प्रतिमा घेतल्या आहेत. तिची स्पष्टता दीड कोनीय सेकंदाच्या (अंशाच्या 3600 व्या भागाच्या दीडपट) आसपास, स्विफ्टपेक्षा चांगली, त्यामुळे दाटीवाटीत शेजारचा तारा मिसळण्याची भीती कमी. अर्धवट सोललेले तारे मात्र तिथे वेगळे दिसणार नाहीत, अतिनीलमध्ये ते साध्या निळ्या ताऱ्यांसारखेच. त्यांच्यासाठी वर्णपटच लागतो, आणि मेघांमधल्या जड ताऱ्यांचे हबलने घेतलेले अतिनील वर्णपट युलिसेस या संग्रहात कोणालाही उतरवून घेता येतात. तुमच्या आलेखात निळे थांबलेले तारे दिसले, तर त्या संग्रहातल्या छोट्या मेघाच्या बी-महाताऱ्यांपासून सुरुवात करा.